फ्रीजला घातलेला हार

सातपूरच्या वाल्मीक मिस्त्रीकडे तीस वर्षांत एकच तक्रार यायची: फ्रीज गार करत नाही. जास्त गार करतो म्हणून रडणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. म्हणून दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी गोरक्षनानांचा फोन आला, तेव्हा तो आधी हसलाच.

नाना कारखान्यातून निवृत्त झालेले. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा आणि वाल्मीकने बसवलेला छोटा फ्रीज, असा चाकांवरचा संसार घेऊन नवरा-बायको पेठच्या डोंगरात फिरायला गेले होते.

"अरे, काकड्यांचा दगड झालाय," नाना म्हणाले.

"नॉब कमी करा."

"परवाच एकवर आणलाय. तरी तेच."

वाल्मीकचं हसू मावळलं. "आत मागच्या पत्र्यावर बारीक तार चिमट्यात धरलीय बघा. किती गार झालं ते मशीनला तिच्यावरूनच कळतं."

"तार खाली लोंबतेय. हिनंच ओढली असणार, दसऱ्याचा हार काढताना. हिला कशाला हात लावू नको म्हटलं तरी ऐकत नाय."

पूजेविना मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं नाही, हा वाल्मीकचा नेम. दसऱ्याला फ्रीजमध्ये झेंडूचा हार त्यानेच घातला होता, आणि अडकवायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या चिमट्यालाच गुंतवला होता. हार ओढला की तार येणारच. हे फोनवर लगेच सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही.

मग त्याला आठवलं, हा फ्रीज मुळात बसवला कशासाठी. "वहिनींचं इन्सुलिन?"

"तेपण गोठतं. ती मुठीत धरून वितळवते अन् घेते. कालपासून उलट्या चालल्यात. घाट बाधला म्हणते."

"नाना, ते टोचू नका. गोठलं की त्याचा गुण जातो. पेठच्या दवाखान्यात न्या, आत्ताच."

फोन ठेवला आणि वाल्मीकने मोटारसायकलला किक मारली. वाटेत तीनदा नानांना फोन लावला, तीनदा लागला नाही. सावळघाटात त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. वहिनींना काही झालं तर? आणि त्याहून लाजिरवाणी भीती ही, की हार चिमट्याला कोणी अडकवला ते उद्या कोणी विचारलं तर? आपण माणूस आहोत की कोण, असं त्याला वाटलं.

दवाखान्यात ज्योत्स्नावहिनी सलाईन लावून डोळे मिटून पडल्या होत्या. बाहेर बाकावर नाना.

"साखर साडेपाचशे. डॉक्टर म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाय," नाना म्हणाले. "अन् मी येडा, वाटभर तिलाच बोलत आलो. तार कशाला ओढलीस म्हणून."

"नाना, हार मी चिमट्याला अडकवला होता. वहिनींची चूक नाही. फोनवरच सांगायला हवं होतं. घाबरलो."

नाना उठले. मग त्यांनी त्याचं कोपर धरून त्याला आत खाटेपाशी नेलं. "तिला सांग."

वाल्मीकने वाकून सांगितलं. पापणी हलली नाही. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याला रडूच फुटलं.

"पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच ऐकलं," डोळे न उघडता वहिनी पुटपुटल्या. "आता यांनाही शिकव, चूक कशी कबूल करायची ते."