कुटुंब म्हणजे कोण?

आठवी दफा वाचून झाली होती. दफा म्हणजे कायद्याचं कलम. "कुळ मयत झाल्यास जमीन कसण्याचा त्याचा हक्क त्याच्या कुटुंबाकडे राहील." मी पुढचं वाचणार, तेवढ्यात चावडीच्या पायरीवरून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुटुंब म्हंजे कोन, सायब?"

मी तोंड उघडायच्या आत गावचे पाटील म्हणाले, "कुटुंब म्हंजे बायकू. आनिक काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. भिंतीकडेला उभ्या असलेल्या बायकांतली एक पुढं आली. चाळिशीची असेल. कपाळावर विभूती, पदर खोचलेला. "मंग माझा मालक वारला, तर शेत मलाच ऱ्हातंय म्हना की."

तिचं नाव सुगलाबाई. नवरा आदल्या वर्षी गेलेला. दोन्ही मुलीच. नवरा ज्याची जमीन कुळानं कसत होता, त्या पट्टेदारानं तिला सुगी झाली की शेत सोड म्हणून सांगितलं होतं. दीर मन्मथप्पा ते शेत स्वतःच्या नावावर मागत होता.

"बघून सांगतो," मी म्हणालो. सरकारी नोकर अडचणीत आला की हेच म्हणतो.

निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. मी बिदरच्या जिल्हा कचेरीत मुतर्जिम होतो, म्हणजे अनुवादक. हैदराबादला कायदे करणारी मजलिस होती. तिच्यात बहुतेक सरकारनं नेमलेले लोक, थोडे वकिलांनी आणि जमीनदारांनी निवडलेले. गावच्या माणसाला मत नव्हतं. पण एक चांगली रीत होती. काही कायद्यांचा मसुदा पक्का होण्याआधी जिल्ह्यांत वाचून दाखवत आणि ठरलेल्या मुदतीत हरकती मागवत. मसुदा उर्दूत असे. आमच्या भागासाठी त्याचा मराठीत एका पानाचा सारांश करायचा, छापून गावोगाव पाठवायचा, काही ठिकाणी स्वतः जाऊन वाचायचा, हे माझं काम.

परतताना बैलगाडीत मी मूळ मसुदा काढला. आठव्या दफेत शब्द होता खानदान. मी त्याचं कुटुंब केलं होतं. वाचता वाचता मागं दुसऱ्या दफेवर आलो.

कायद्याच्या सुरुवातीला महत्त्वाच्या शब्दांचे अर्थ बांधून देतात. घरी तो शब्द तुम्ही कसाही वापरा, त्या कायद्यात त्याचा अर्थ तेवढाच. दुसऱ्या दफेत लिहिलं होतं: खानदान म्हणजे मुलगे, नातू आणि भाऊ. बायको नव्हती. आणि पान एकच, म्हणून मी दुसरी दफा सारांशातून गाळली होती.

तो कागद एव्हाना जिल्ह्यातल्या सगळ्या मराठी गावांत पोचला होता.

आमच्या विभागाचे प्रमुख मोहसीन साहेब. बोलणं कमी, चष्मा जाड. बिदरला पोचताच मी दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि झालं ते सांगितलं. आमचं बोलणं दख्खनी उर्दूत होई, इथं मराठीत लिहितो.

त्यांनी दोन्ही दफा दोनदा वाचल्या. "चूक तुमची आहे, नरहरराव."

"जी."

"दुरुस्तीचा कागद काढा."

मी लगेच लिहायला बसलो. 'दफा आठमधील कुटुंब हा शब्द दफा दोनमधील व्याख्येस अधीन राहून वाचावा.' नियमात चोख बसणारं वाक्य. साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे त्या बाईला कळेल?"

मी ते वाक्य पुन्हा वाचून पाहिलं.

"एका चुकीनं तुम्ही तिला शेत दिलंत. आता ते असं काढून घेताय की काढलेलं तिला कळूही नये." त्यांनी माझं वाक्य खोडलं. "लिहा. या मसुद्याप्रमाणे मयत कुळाच्या विधवेला हक्क नाही. याबद्दल कुणाची हरकत असल्यास मुदतीच्या आत लेखी द्यावी. बस."

कागद सहीला कलेक्टरांकडे गेला. आमच्याकडे त्यांना तालुकदार म्हणत. मी दाराशी उभा होतो. तालुकदारांनी भुवया वर केल्या. "इतकं उघड लिहायची गरज आहे?"

"हुजूर, मोघम लिहिल्यानंच ही वेळ आली," मोहसीन साहेब म्हणाले. "आणि यात खोटं काहीच नाही."

तालुकदारांनी सही केली. नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. नियमाच्या आत राहून एका सरळ वाक्यानं दार उघडं ठेवणारा मोहसीन साहेबांसारखा माणूस तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सुगलाबाईच्या गावी, ठाणाकुशनूरला, दुरुस्ती वाचायला मलाच पाठवलं. शिक्षाच ती. वाचून झाल्यावर मन्मथप्पा मिशीत हसला. सुगलाबाई माझ्यापुढं आली.

"परवा ऱ्हातंय म्हनलाव, आज न्हाई म्हनायलाव."

"माझी चूक झाली, अक्का."

"ह्यो कायदा झाला का?"

"न्हाई. अजून मसुदा हाय."

"म्हंजे बदलता येतंय?"

"हरकत लिहून दिली तर मजलिसीपुढं जाते. बदलतील का, ते मी सांगू शकत न्हाई."

"मंग लिवा."

मला तिची हरकत लिहिता येत नव्हती. अनुवादकानं लोकांच्या अर्जात हात घालायचा नाही, असा नियम होता. शाळेचे मास्तर पुढं झाले. तिनं उभ्यानंच सांगितलं, "मालक तीन साल अंथरुनावर हुता. औत मी हाकलं, पेरनी मी केली. त्यो गेला ते जमिनीला कळलं न्हाई. पीक तसंच आलं. मंग कायद्यालाच कामून कळायलंय?"

"बाईमानसाचा अंगठा तिथं कोन बघतंय?" मन्मथप्पा म्हणाला.

"कोन बघत न्हाई ते बघू की," असं म्हणून तिनं अंगठा उठवला. मग तिच्यामागून आणखी बायका पुढं आल्या. त्यांतल्या काहींचे नवरे जिवंत होते आणि तिथंच बसले होते. कुणी अडवलं नाही.

बसवकल्याण, हुलसूर, सगळीकडून तसे कागद येऊ लागले. ते उर्दूत करणं मात्र माझं काम होतं. सुगलाबाईची हरकत मी भारदस्त फारसी शब्दांनी सजवली. मोहसीन साहेबांनी कागद परत दिला. "इत्ती फारसी कायको, मियाँ? तिनं जसं सांगितलं तसं लिहा." मी पुन्हा लिहिलं. साध्या उर्दूत ते वाक्य जास्त बोचत होतं.

पुढचं मला मिसलीतून, म्हणजे फाइलवरून, कळलं. मसुदा मजलिसीच्या एका लहान कमिटीकडं गेला. तिच्यातले एक वकील मेंबर सगळ्या हरकती वाचणारे निघाले. सुगलाबाईचं म्हणणं त्यांनी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. जमीनदारांच्या मेंबरांनी विरोध केला. दोन बैठका त्यावरच गेल्या. शेवटी दुसऱ्या दफेत एक शब्द वाढला, बेवा. म्हणजे विधवा. पुढं अट घातली: ती दुसरं लग्न करेपर्यंत. मुलींचं नाव आलंच नाही.

कायदा लागू व्हायला वेळ लागला. मधल्या काळात पट्टेदारानं एकदा तिचं औत बांधावर अडवलं. तिनं मास्तरांनी ठेवलेली हरकतीची नक्कल दाखवून हरकत हैदराबादला गेलीय म्हणून सांगितलं. पट्टेदार थांबून बघू म्हणाला. शेत तिच्याकडंच राहिलं.

पक्का कायदा वाचायला मी गेलो तेव्हा या खेपेला दुसरी दफा आधी वाचली. सुगलाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"पोरींचं काय?"

"त्यांचं न्हाई आलं, अक्का."

ती रागावली नाही. "बरं. मंग पुढचा मसुदा कवा वाचायलाव?"

मला तारीख माहीत नव्हती. तसं सांगितलं. 'बघून सांगतो' म्हणालो नाही.

निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ कायदे मराठीत आणले. प्रत्येक अवघड शब्द आधी शिपायाला, मग पाणी भरणाऱ्या बाईला वाचून दाखवायचो. दोघांनी वेगवेगळा अर्थ सांगितला, तर तो शब्द बदलायचो. त्यात वेळ जाई आणि वरून विचारणा होई. पण दुरुस्तीचा कागद मला पुन्हा काढावा लागला नाही.