सिलोनला निघालेली फुलपाखरं

दादा गेल्याची तार शाळेत आली तेव्हा मी दुसरीचा वर्ग घेत होते, आणि खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही, राग आला. एकटाच गावी गेला, ताप अंगावर काढला, कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत... मोठा भाऊ असा वागतो का?

आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, मिठागरांजवळच्या गोडदेव गावातल्या शाळेत शिक्षक. फुलपाखरांची गोष्ट या तारेच्या कितीतरी वर्षं आधीची, अडुसष्ट-एकोणसत्तरची. दादाने सिलोनच्या एका मास्तरांशी पत्रव्यवहार सुरू केला. तिकडे ठरावीक दिवसांत पिवळ्या फुलपाखरांचे थवेच्या थवे जातात म्हणे. ती कुठून येतात? त्यात आपल्याकडचीही असतील का? तर दोन्हीकडच्या मुलांनी पंखावर खूण करून फुलपाखरं सोडायची आणि एकमेकांची शोधायची. मी म्हटलं, मिठागरातल्या या पोरांना आधी पाढे तरी येऊ देत. पण तो कुणाचं ऐकतोय!

पहिल्याच खेपेला घोळ झाला. पंखावर निळ्या रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, एवढंच काम. पण पाहुणी निघाली की तिला हळदकुंकू लावायचं, हे गोडदेवच्या पोरींना पक्कं ठाऊक. त्यांनी पाण्यात कालवून तेही लावलं. पंख चिकटले, एकही फुलपाखरू उडेना. पोरी रडकुंडीला आल्या. दादा ओरडला तर नाहीच, उलट सगळा प्रकार जसाच्या तसा सिलोनला लिहून पाठवला. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या खेपेची उडाली. तोवर हेडमास्तरांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत काही हाती लागलं नाही तर हा उद्योग बंद. भारती नावाची एक मुलगी रोज दारात उभी, पत्र आलं का? शेवटी आलं. तिकडच्या मुलांना आपलं एकही दिसलं नव्हतं. मी दादाच्या अक्षरशः विनवण्या केल्या. एक दिसलं म्हणून सांग, पोरं खूश होतील, हेडमास्तर गप्प बसतील, कुणाचं काय बिघडतंय?

"नाही दिसलं ना? मग तेच सांगायचं," तो म्हणाला.

आणि सांगितलं. उपक्रम बंद झाला, पोरांची तोंडं उतरली. मी कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

परवा भारती भेटायला आली, कडेवर मूल घेऊन. चहा झाला, गुरुजींच्या आठवणी निघाल्या. मग हळूच म्हणाली, "बाई, मागाहून कदी कळलं का? आपलं एक तरी पोचलं का न्हाय?"

आता मला अडवायला कुणी नव्हतं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं...

"नाही गं," मी म्हणाले.

"वाटलंच. पोचलं असतं तर गुरुजी धावत सांगाया आले असते."

तिला पोचवायला बाहेर आले तर कुंपणावर एक पिवळं फुलपाखरू, पंख मिटून बसलेलं. दोघीही थबकलो. घरात पसारा, वह्या तपासायच्या राहिलेल्या, ऊन हे एवढं, आणि मी तिथे उभी... ते कधी पंख उघडतंय याची वाट बघत.