सोमवारचा उपास आणि सकाळची गोळी

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात माझ्या थोरल्या भावाने शेजारच्या मागावरच्या विणकराच्या तोंडावर धोटा मारला. धोटा लाकडी असतो, आडवा धागा घेऊन मागावर धावतो; त्याची टोके लोखंडी असतात. विणकराची भुवई फाटली. मग कामगारांनी भावाला मारले.

भावाला मधुमेह आहे. डॉक्टरांनी बजावले होते, गोळी चुकवायची नाही आणि ती घेतली की लगेच जेवायचे. आमच्या घरी श्रावणी सोमवार कडक असतो. संध्याकाळच्या पूजेनंतरच उपास सुटतो. भावाने गोळीही पाळली, उपासही. सकाळी गोळीवर पाणी पिऊन तो सायकलवरून कामाला गेला. उपासाचे डॉक्टरांना कुणी सांगितले नव्हते. "देवाचं त्यांना काय सांगायचं," वहिनी नंतर म्हणाली.

कारखान्यात काय घडले ते विणकराने मला नंतर सांगितले. भाऊ तुटलेला धागा जोडत होता. बोटे थरथरत होती, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. धागा जुळेना, तेव्हा त्याने मागाला लाथ घातली.

"अण्णा, उपास बाटलीनं सोडला व्हय?" विणकराने विचारले. बाकीचे हसले.

भाऊ पुन्हा धाग्याशी झटू लागला.

"बस की जरा. लई चढलीय." विणकराने दंडाला धरले. भावाने धोटा उचलला.

रक्त दिसताच बाकीचे धावले. पट्ट्याने मारले, बरगड्यांवर लाथा घातल्या. खाली पडूनही भाऊ एकाच्या मनगटाला कडकडून चावला. शेवटी हात पाठीमागे बांधून त्याला खांबाशी बसवले आणि मला फोन केला. "तुमचे भाऊ पिऊन दंगा करायलेत. घेऊन जावा, न्हायतर पोलिसात देतो."

मी पोचलो तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. शिव्या देताना जीभ अडखळत होती. मी तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता.

"मग गांजा असंल," एक जण म्हणाला.

तेवढ्यात भावाची मान लुळी पडली, पाय झटके देऊ लागले. तेव्हा दोरी सोडली.

रिक्षात विणकरही चढला. त्याला टाके घालायचे होते. एका हाताने त्याने भुवईवर टॉवेल दाबला होता, दुसऱ्याने भावाचे डोके धरले होते. रुग्णालयात बोट टोचून साखर तपासली. ती फार खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर भावाने डोळे उघडले.

"मला कुणी मारलं?"

"आमीच. पिलास वाटलं," विणकर म्हणाला.

"सोमवारी?" भावाने विचारले.

डॉक्टर म्हणाले, गोळीने साखर उतरत गेली आणि पोटात अन्न नव्हते. मेंदूला साखर कमी पडली की माणूस बरळतो, अंगावर येतो. घाम आणि थरथर सुरू होताच, शुद्ध असेपर्यंत, साखर खायला द्यायची. झटके येऊ लागल्यावर तोंडात काही घालायचे नाही, थेट दवाखाना. उपासाच्या दिवसाची गोळी आधी विचारून घ्यायची. आणखी उशीर झाला असता तर भाऊ वाचला नसता, असेही ते म्हणाले.

भावाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पोलिसांत कुणी गेले नाही. बरगड्या जुळल्यावर मालकाने त्याला कामावर घेतले, पण मागावर नाही. तो आता टॉवेलच्या घड्या घालतो. विणकराच्या भुवईवर टाक्यांच्या जागी केस उगवलेले नाहीत.