सीधा हाथ

आमच्या हैदराबादेत उजव्या हाताला सीधा हाथ म्हणतात आणि डाव्याला उल्टा. म्हणजे डाव्याचा निकाल नावातच लागलेला. मी उभा जन्म जामबागेतल्या एका शाळेत मास्तरकी केली आणि या निकालावर कधी शंका घेतली नाही.

माझा एकुलता एक मुलगा डावखुरा. चार माणसांत डाव्या हाताने घास घेई, प्रसादाला डावा हात पुढे करी, आणि माझं डोकं फिरे. जेवताना मी त्याचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधत असे. त्याची आई म्हणायची, "असू दे हो, तोही देवानेच दिलाय ना?" मी ऐकणाऱ्यांतला नव्हतो. वर्षभरात पोरगा सरळ झाला. उजव्या हाताने लिहू लागला, जेवू लागला. नातेवाइकांत मी त्याची फुशारकीही मारली.

कॉलेजात असताना त्याने गिटार आणली. खोलीचं दार लावून वाजवायचा. आत जायची मुभा फक्त आईला. ती भाजी निवडायलाही तिथेच बसायची. मी बाहेरून "आवाज कमी" एवढंच ओरडायचो. पुढे तो परदेशी गेला, गिटार कपाटावर गेली. फोन यायचा तो आईला. गेल्या वर्षी ती वारली आणि आम्हा दोघांत बोलणं चालू ठेवणारं कुणी उरलं नाही.

वर्षश्राद्धाला तो चार दिवस येणार होता. मला एकच हवं होतं, त्याने एकदा माझ्यासमोर बसून वाजवावं. गिटार खाली काढली, तर तारा गंजलेल्या. सिकंदराबादला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "सीधे हाथ का है ना साब?"

"हौ, एकदम सीधा," मी ठणकावून सांगितलं.

"तो मोटा तार ऊपर, बारीक नीचे. बस."

घरी येऊन गिटार मांडीवर धरली. पाहतो तर जाड तार खाली आणि बारीक वर. कार्ट्याला एवढंही धड जमलं नाही, मी पुटपुटलो. नव्या तारा नियमाप्रमाणे लावायला घेतल्या, पण मानेच्या टोकाशी जी पांढरी पट्टी असते, तिच्या खाचेत जाड तार बसेना. मग कानस घेतली आणि खाच घासून रुंद केली. बोटाला तार टोचून रक्त आलं, तरी मी खुशीत होतो.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी सव्य, अपसव्य सांगतील तसा तो जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. पिंडांवर पाणी सोडलं ते उजव्या हाताने. संध्याकाळी मी गिटार पुढे केली. "नव्या तारा लावल्यात. आईला आवडायचं ते काहीतरी वाजव."

त्याचा चेहरा उजळला. त्याने गिटार घेतली आणि फिरवून धरली. मान उजव्या हातात, डावा हात तारांवर. इतकी वर्षं एका घरात राहून तो असा वाजवतो हे मला ठाऊक नव्हतं. तशी धरल्यावर मी वर लावलेली जाड तार खाली गेली. एकदाच तारा छेडून तो थांबला. घासलेल्या खाचेवरून त्याने अंगठा फिरवला.

"बाबा, ह्या तुम्ही लावल्या?"

"हो. तू उलट्या लावल्या होत्यास."

"हो," तो म्हणाला. "आईने गिटार धरून ठेवली होती, मी तारा लावल्या."

त्याने गिटार खोळीत घातली. तेव्हाच माफी मागायला हवी होती. रुमालाचीसुद्धा. पण मास्तरकीची जीभ वळली नाही. "दुकानातून नीट करून आणतो," एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुन्हा कधी येणार ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

काल गिटार घेऊन परत त्या दुकानात गेलो. पट्टी नवी बसवावी लागेल, दुकानदार म्हणाला. "सीधे हाथ का करना ना?"

"नै. उल्टे हाथ का." आयुष्यात पहिल्यांदा हे मी कुणाला सांगितलं.

"ऐसा है तो बजानेवाले कू साथ लेको आओ साब. हाथ में देके देख लेते."

मी "हौ" म्हणालो.