देवाचा दिवा आणि अण्णांची वायर

वायर जोडून, टेप गुंडाळून झाली की अण्णा ती दोन बोटांत धरून हिसडायचे. एकदा हळू, एकदा जोरात. मग बॉनेटवर थाप मारून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "लिवून ठेवा पावणं, ह्या हाताची वायर कधी दगा देत न्हाय!"

लिहून कोणी ठेवत नसे. पण पटायचं सगळ्यांना.

उचगावच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आणि तिला चिकटून अण्णांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. माणूस मूळचा सीमेकडचा. रागवायचे मराठीत, पण पेच पडला की स्वतःशी कन्नडमध्ये पुटपुटायचे. पलीकडून कन्नड ऐकू आलं की मी ओळखायचो, काहीतरी अडलंय, आता चहा घेऊन जायला हरकत नाही. नम्रपणा नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. दुसऱ्याने केलेलं वायरिंग उघडलं की ते आधी नाक मुरडत आणि मगच पक्कड उचलत. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

माझी पिकअप जुनी. पूर्वी रोज रोपं घेऊन हिंडायची. गुडघे बोलायला लागल्यापासून मी काम कमी केलं आणि गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी निघू लागली. तेव्हापासून तिने नवा छंद धरला. दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली.

मी आधी माझ्या अकलेने इलाज केले. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. उतारावरून ढकलून गाडी चालू करायला गेलो आणि ती थेट माझ्याच जास्वंदीच्या कुंड्यांत जाऊन थांबली. मग कोणीतरी सांगितलं, गाडी उभी करताना बॅटरीची वायर सोडवून ठेवा. ठेवली. सकाळी चावी फिरवत बसलो. टिकटिकसुद्धा नाही. घाबरून अण्णांना हाक मारली, "अण्णा, गाडी मेली!"

अण्णांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वायर कुणी सोडवली?"

"मीच."

"आन् शिव्या गाडीला घालताय व्हय? अहो रोपवाले, झाडाचं मूळ उपटून पानांवर का रागावताय?"

तेव्हा मी सगळी हकिगत सांगितली. गाडी बंद असताना आतून काहीतरी बॅटरी खातंय, एवढं मलाही कळलं होतं. तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "अण्णा, तुमचीच एखादी वायर नसेल ना?"

रस्त्यावरची माणसं थांबतील एवढ्या आवाजात अण्णा म्हणाले, "माझी? ह्या गाडीत माझी वायर चोर निघाली, तर दुकानाचं शटर ओढतो की! सगळ्यांच्या देखत सांगतोय!"

झालं. आता प्रश्न माझ्या बॅटरीचा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी त्यांच्या दुकानात गेली. अण्णांनी डॅशबोर्डवरच्या जोतिबाला हात जोडले, बॅटरीची एक वायर सोडवली आणि तिच्यात व बॅटरीत एक साधा बल्ब धरला. सगळं बंद आहे, तर बल्ब पेटायला नको. पेटला. म्हणजे चोर घरातच होता.

मग अण्णा एकेक फ्यूज काढू लागले. ज्याचा फ्यूज काढल्यावर बल्ब विझेल तो चोर. हॉर्नचा काढला, बल्ब पेटलेलाच. "टेपवाला असणार. त्येनं फिटिंग न्हाय, गोधडी शिवलीया." गाण्यांचा टेप उचकटून बाहेर आला. बल्ब पेटलेलाच. केबिनचा दिवा सोडवला, मागचा भोंगा सोडवला. दुपारपर्यंत एकही फ्यूज जागेवर राहिला नाही आणि बल्ब आपला शांतपणे उजेड देतोय. अण्णा वाकून पुटपुटत होते, "एल्ली होय्तु... एल्ली होय्तु..." कुठं गेलं, कुठं गेलं.

मी चहा आणला. माझा चष्मा गाडीत राहिला होता म्हणून केबिनमध्ये शिरलो आणि सवयीने जोतिबाला हात जोडले.

"अण्णा, देव मंद झालाय."

"काय?"

"जोतिबापुढचा दिवा. निम्माच पेटलाय."

अण्णांनी बल्ब बाजूला केला आणि बॅटरीची वायर पूर्ववत टेकवली. देवाचा दिवा लख्ख झाला. पुन्हा मध्ये बल्ब धरला. दिवा मंद. हा पेटला की तो मिणमिणायचा. दोघे एकाच घोटातलं वाटून पीत होते.

तो दिवा अण्णांनीच बसवला होता, मी गाडी घेतली तेव्हा. "देव काय चावीवर उठतोय आन् झोपतोय व्हय?" म्हणून थेट बॅटरीवरून, वायर मॅटखालून अशी लपवून आणलेली की फ्यूजच्या वाटेला जायलाच नको. गाडी रोज चालायची तोवर दिव्याने खाल्लेलं भरून निघायचं. सकाळपासून तो दिवा आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर पेटलेला होता. पण तो देवाचा. त्याला चोरांत कोण धरणार?

एरवी मी टोमणा मारल्याशिवाय राहिलो नसतो. त्या दिवशी चहा नुसताच हातात धरून उभा राहिलो. अण्णांनी दिवा चावीवर घेतला, म्हणजे चावी फिरवली तरच पेटेल असा. बॉनेटवर थाप मारली नाही. मग खरोखरच दुकानाचं शटर ओढलं आणि स्टुलावर बसले.

"अण्णा, बोलण्याच्या भरात माणूस म्हणतो..."

"ते न्हाय हो." अण्णा म्हणाले, "किती गाड्यांत बसवलाय मी असा दिवा. ती माणसं बी तुमच्यासारखीच म्हातारी झाली असतील की."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान बंद. अण्णा आपल्या वायरी शोधत निघाले. पुष्कळदा मीच पिकअपमधून न्यायचो. दारात हाक मारून ते आधी एवढंच विचारत, "गाडी चालती का उभी ऱ्हाती?" उभी राहते म्हटलं की पिशवी उघडायची. "माझीच चूक हाय," हे वाक्य त्यांच्या तोंडी पहिल्यांदा आलं तेव्हा मला ते कन्नडच वाटलं.

शाहूवाडीकडे एका म्हाताऱ्यांची जीप परड्यात उभी होती. अण्णा बॉनेट उघडायला गेले तर म्हाताऱ्यांनी हात धरला.

"नगं अण्णा. पोरगं जीप विकायला गिऱ्हाईक आणतंय. गाडी चालू हुईना, म्हणून सौदा मोडतोय. दिवा हाय तसा ऱ्हाऊ दे."

अण्णांनी क्षणभर विचार केला. मग बॉनेट उघडलंच. दिव्याच्या वायरचा ढिला झालेला जोड घट्ट केला, वरून नवी टेप गुंडाळली आणि दोन बोटांत धरून हिसडला.

"चुकून चालू झाली, तर मला सांगा," ते म्हणाले.

परतताना वाटभर हसत होते.

चंदगडकडची एक गाडी तेवढी राहिली होती. पाऊस उघडल्यावर जाऊ म्हणत होते. पाऊस उघडायच्या आधीच, दुपारी जेवून पडले असताना, झोपेत गेले.

नंतर एके दिवशी एक जुना टेम्पो ढकलत आणून त्यांच्या दुकानासमोर लावला गेला. चंदगडचे पावणं. अण्णांनी निरोप धाडला होता, पण त्यांचं येणं झालं नाही, म्हणून बॅटरी बदलून हेच आले होते. इथं लेकीकडे दोन-तीन दिवस मुक्काम पडला, तर तीही उतरली. अण्णा गेल्याचं मी त्यांना सांगितलं. ते शटरसमोर टोपी काढून उभे राहिले.

मग म्हणाले, "तुम्ही त्यांच्यासंगं हिंडत हुता न्हवं? तुम्हीच बघा की."

मी इतक्या वेळा शेजारी उभं राहून पाहिलं होतं. म्हटलं, त्यात काय. माझ्या पिकअपवरून केबल लावली, मॅट उचलली, अण्णांची वायर सापडली. कापली, चावीवरची वाटली त्या वायरला जोडली, टेप गुंडाळली. पावण्यांनी चावी फिरवली. टेम्पो चालू झाला, दिवा लागला, आणि कोरड्या काचेवर दोन्ही वायपर खरडत नाचू लागले.

दिव्याचा जोड सोडवला की वायपर थांबायचे. लावला की सुरू.

"आता वो?" पावण्यांनी विचारलं.

आणि आम्ही दोघांनीही एकदमच शटरकडे पाहिलं.