निळा नाला

सोलापुरात माझी पुस्तकं जिथं छापली जातात, तिथं संगणकावर पानं लावणाऱ्या एक बाई आहेत. फारसं बोलत नाहीत. चूक सापडली की पडद्यावर बोट ठेवतात आणि आपण बघेपर्यंत ते काढत नाहीत. या वेळी मुलांच्या पुस्तकातल्या एका चित्रात, सूत रंगवण्याच्या कारखान्यामागून वाहणारा लाल नाला होता. कागदाचा खर्च देणाऱ्या शेटजींचा असलाच कारखाना. नाला निळा करा, असा त्यांचा फोन आला. मी "बरं" म्हटलं आणि बाईंना सांगितलं.

त्यांचे हात थांबले.

"सर, त्यो नाला आमच्या घरामागं हाय. पोरगी रोज तितनंच शाळेला जाती. हे बघून ती काय म्हणंल?"

"बाई, पुस्तक तरी निघू द्या की," मी चिडून म्हणालो.

"मग तुमीच करा." त्या खुर्चीवरून उठल्या.

मला त्यांचा राग आला, शेटजींचा त्याहून जास्त आला, आणि तरीही मी बसून नाला निळा केला. बाईंनी त्या पानाचा प्रिंट काढून माझ्यासमोर आपटला.

"हितं सही करा," त्या म्हणाल्या. "कुणी निळा केला, ते ऱ्हाऊ दे लिहून."