नाताळचा बिनदुधाचा चहा

सुनेच्या इंदिरानगरच्या ऑफिसातून नाताळची भेट म्हणून एक डबा आला. लाल-सोनेरी, वर बर्फ आणि गाडी ओढणारी हरणं. आत हिरवा चहा, त्यात दालचिनी, संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या.

"ऑरगॅनिक आहे मामा. यात दूध-साखर घालायची नसते," सून मला म्हणाली.

"मग मला कशाला दाखवतेस? गायीपुढे ठेव."

ती फणकाऱ्याने आत गेली. जाऊ दे. मी चौथी नापास माणूस असेन, पण चहा कशाला म्हणतात हे ऑफिसवाल्यांकडून शिकायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

त्याच आठवड्यात अण्णा आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, जयनगरचा. आईचं श्राद्ध कुणाच्या घरी करायचं यावरून आमचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. माझी बायको गेली तेव्हाही आला नाही. जयनगरहून आमचं येलहंका लांब पडलं म्हणे. आता त्याच्या नातवाचं लग्न ठरलं तेव्हा पडलं नाही. मुलीकडचे विचारत होते, सख्खा भाऊ कुठे असतो तुमचा? म्हणजे मांडवात दाखवायला मी हवा होतो.

मुलाने मला आधीच बजावलं होतं, "बाबा, स्वल्प, जरा गप्प बसा. हे आता मिटू दे."

मी गप्प बसलो. अण्णाने हॉल किती मोठा, स्वयंपाकी कुठला, सगळं सांगितलं. पत्रिका मी हातात घेतलीही. तेवढ्यात सुनेने, पाहुण्याला घरातलं चांगलं द्यावं म्हणून, तोच चहा काचेच्या कपांतून आणला.

अण्णाने कपात पाहिलं. आमच्या लोकांत पाहुण्यापुढे बिनदुधाचा चहा एकाच घरी येतो, जिथे माणूस गेलेलं असतं.

"काय गं, मी शुभकार्याचं बोलवायला आलो आणि पुढ्यात कोरा चहा? कोण मेलं तुमच्या घरात?"

सुनेचा चेहरा उतरला. मुलगा उठला. "काका, चुकलं. आत्ता दुधाचा करायला सांगतो."

अण्णाचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच बोललो असतो. पण माझ्या घरात माझ्या सुनेला बोलायचं तर मी बोलेन. हा कोण?

"खाली बस," मी मुलाला म्हणालो. "अण्णा, कोण मेलं विचारतोस? तुझी भावजय मेली. तेव्हा ह्या घरात कोराच चहा होता. तुझा कप राहिलाय. पी."

"घरी आलेल्या माणसाला असं बोलतोस?"

"पत्रिका द्यायची तर आधी हा पी. नाहीतर घे ती परत."

सून दारात तशीच उभी. अण्णा पत्रिकेकडे बघत राहिला. मग उठला, कप उचलला आणि उभ्याउभ्या संपवला, काढा प्यावा तसा. गुलाबाची एक पाकळी मिशीला चिकटली. कुणी सांगितलं नाही.

दुखवट्याला आलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. अण्णाही म्हणाला नाही. चपला घातल्या आणि गेला. मी पोचवायला उठलो नाही.

"मिटलं म्हणायचं का बाबा?" मुलाने विचारलं.

लग्नाला गेलो. अक्षता टाकल्या, मुलीकडच्यांना तोंड दाखवलं आणि न जेवता परत आलो.